तामेतच्या वहाणा

इजिप्तमधल्या आस्वानला लोक फिले नि अबू सिंबेलची देवळं बघायला येतात. मी आले होते एका लग्नाच्या कागदासाठी. तो कागद आता ब्रुकलिनच्या म्युझियममध्ये आहे, हे होडीत बसल्यावर सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, मग बेटावर बघायचं काय?"

"पडक्या विटा."

नाईल नदीतल्या या एलिफंटाईन बेटाच्या दक्षिण टोकाला खनूमचं देऊळ आहे. मेंढ्याच्या डोक्याचा हा देव. इराणी अमलात त्याच्या शेजारीच ज्यू शिपायांची वस्ती होती, आणि त्यांच्या देवाचं, याहोचं, मंदिरही. जेरुसलेमबाहेर मंदिर असू नये, हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं! आता उरल्यात मातीच्या विटांच्या भिंती, कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या. वाकून पाहिलं तर विटेत कालवलेलं काड अजून दिसतं.

या मंदिराचा सेवक होता अनन्या (हो, बाप्याचं नाव). इ.स.पू. ४४९ मध्ये त्याने लग्न केलं तामेतशी. ती इजिप्शियन, शिवाय मशुल्लाम नावाच्या ज्यू माणसाची गुलाम. तिचं रुखवत त्या लग्नाच्या कागदावर मोजून लिहिलंय: लोकरीचं एक वस्त्र, आरसा, वहाणांचा जोड, थोडं एरंडेल. असं मोजकंच. पण त्याच कागदात असंही आहे की चारचौघांत उभं राहून 'मला हा नवरा नको' म्हणायची मुभा तिलाही आहे.

जवळपास याच काळात जेरुसलेममध्ये काय चाललं होतं? बायबल सांगतं, परजातीच्या बायका केल्या म्हणून लोकांना चौकात जमवलं, भर पावसात ते कुडकुडत बसले, आणि बायका-मुलांना घालवून द्यायचं ठरलं. धर्मशास्त्री एज्राने स्वतःचे केस उपटले. पुढे तिथला सुभेदार नहेम्या याने दुसऱ्यांचे. नहेम्याचा राग मला थोडा कळतो. मुलं अश्दोदची बोली बोलत होती, यहुद्यांची भाषा त्यांना येईना. बाबिलोनहून परतलेली मूठभर माणसं, एका पिढीत विरघळून गेली असती. पण घालवलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव लिहिलेलं नाही, हे मला खुपतं.

माझं माहेर अलिबागकडचं. आमच्याकडचे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवून शतकानुशतकं टिकले. त्यांच्यातही 'गोरे' नि 'काळे' होतेच. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती 'काळी'. एज्रा कोकणात आला नव्हता, तरी.

इथे बेटावर मात्र उलटं. मिबताहिया या ज्यू बाईने एशोर नावाच्या इजिप्शियन गवंड्याशी लग्न केलं. मुलांची नावं ठेवली यदन्या आणि महसेया, म्हणजे तिच्या आजोबांचं नि वडिलांचं. पुढच्या कागदांत एशोरचाही नाथान, म्हणजे ज्यू नावाचा, झालेला दिसतो.

इ.स.पू. ४१० मध्ये खनूमच्या पुजाऱ्यांनी इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून याहोचं मंदिर पाडलं. वस्तीने जेरुसलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

अनन्याचं घर या मंदिरासमोरच होतं, मधे फक्त रस्ता. नेमकं कुठलं ते आम्हाला सापडलं नाही. इ.स.पू. ४०२ मध्ये नवरा-बायकोने ते जावयाला विकलं. त्या खरेदीखतात तामेतच्या नावापुढे लिहिलंय: याहोची सेविका.