करवंटीच्या कोळशाने मचूळ पाणी गोडं होतं का?

वैशाख लागला की श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधून हाच प्रश्न येतो: "विहिरीचं पाणी मचूळ झालंय. मागीलदारी करवंट्यांचा ढीग पडलाय. त्यांचा कोळसा करून पाण्यात टाकला तर पाणी गोडं होईल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

नुसता कोळसा टाकून मीठ जात नाही. वास जातो, रंग जातो, क्लोरीन जातो. पण विरघळलेलं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित आयन, आणि ते कोळशाला आपणहून चिकटत नाहीत. ती ओढ विजेने लावावी लागते. कोळशाचा लेप दिलेले दोन पातळ पत्रे समोरासमोर ठेवायचे, मध्ये नायलॉनची जाळी, जाळीतून पाणी सोडायचं आणि पत्र्यांना १.२ व्होल्ट द्यायचे. सोडियम ऋण पत्र्याकडे जातो, क्लोराइड धन पत्र्याकडे, आणि दोघेही कोळशाच्या छिद्रांत धरले जातात. दहा-पंधरा मिनिटांत पत्रे भरले की वीज काढून दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या. मीठ सुटतं, ते पाणी वेगळं काढायचं. याला कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने यासाठी कार्बन एरोजेल, म्हणजे कार्बनचा अतिशय हलका, सच्छिद्र पदार्थ, वापरला होता. तो महाग पडतो. आपल्याकडे करवंटी आहे आणि तिचा सक्रिय कोळसा, म्हणजे छिद्रं उघडलेला कोळसा, या कामाला खरोखर चांगला आहे.

आधी हिशेब करा, मग हात घाला. चांगला कोळसा एका फेरीत ग्रॅममागे साधारण १० मिलिग्रॅम मीठ धरतो. टीडीएस, म्हणजे लिटरमधले विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, १५०० वरून ५०० वर आणायचा तर लिटरमागे १ ग्रॅम मीठ काढावं लागेल, म्हणजे १०० ग्रॅम कोळसा. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यासाठी त्याच हिशेबाने साडेतीन किलो कोळसा लागेल, तोही एका लिटरला! म्हणून समुद्र सोडा, विहिरीचं बोला. तिथे विजेचा खर्च हजार लिटरला साधारण एक युनिट, पंप वेगळा.

चुलीतला कोळसा चालत नाही. बंद पिंपात करवंटी जाळली की शंभर किलोमागे तीसेक किलो कोळसा मिळतो, पण त्यात छिद्रं फारशी उघडलेली नसतात. ती उघडायला ९०० अंशांच्या आसपास वाफ द्यावी लागते. मग ग्रॅमला हजार चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग मिळतो. हे घरी जमण्यासारखं नाही. पाणी शुद्धीकरणासाठी विकतात तो करवंटीचा सक्रिय कोळसा घ्या, ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका बारीक दळा आणि राख काढायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुवा. नंतर पाणी उदासीन होईपर्यंत धुवत राहा. राखेतले क्षार राहिले तर तुमचंच यंत्र पाण्यात क्षार सोडत राहील.

लेपाचं प्रमाण वजनाने ८:१:१. कोळसा ८ ग्रॅम, वीज वाहून नेणारी कार्बन ब्लॅक ही काजळी १ ग्रॅम, पीव्हीडीएफ हे चिकटवणारं प्लास्टिक १ ग्रॅम. पीव्हीडीएफ एनएमपी या द्रावकात विरघळवायचं, साधारण ३० मिलिलिटर, आणि भज्याच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत घोटायचं. एनएमपी गर्भाला घातक आहे. हातमोजे, खेळती हवा आणि घरातल्या गरोदर बाईपासून लांब, यात सूट नाही. ग्राफाइटच्या पत्र्यावर पाव मिलिमीटरचा थर ओढा. पत्रा आधी बारीक पॉलिशपेपरने खरडा, नाहीतर वाळल्यावर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. ८० अंशांवर रात्रभर सावकाश वाळवा. घाई केली की उन्हात तापलेल्या चिखलासारखे तडे जातात आणि तड्यापलीकडचा कोळसा विजेला मुकतो.

ग्राफाइटऐवजी तांब्याचा किंवा स्टीलचा पत्रा कधीही नको. धन बाजूला ते गंजतं आणि तांबं, क्रोमियम तुमच्या पिण्याच्या पाण्यात उतरतं.

बिघाड बहुतेक धन पत्र्याचाच होतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि विजेचा दाब मिळून तिथला कोळसा हळूहळू ऑक्सिडाइज होतो, म्हणून काही आठवड्यांत क्षमता उतरते. व्होल्ट वाढवून ती परत येत नाही. १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचंच विघटन सुरू होऊ शकतं, कोळसा आणखी लवकर झिजतो. त्यापेक्षा ठरावीक फेऱ्यांनंतर तारांची अदलाबदल करा. झीज दोन्हीकडे वाटली जाते. खर्च पेलत असेल तर धन पत्र्यापुढे फक्त ऋण आयन जाऊ देणारा आणि ऋण पत्र्यापुढे फक्त धन आयन जाऊ देणारा पडदा बसवा. त्याने वीजही वाचते. दुसरा त्रास आपल्या जांभ्याचा. पाण्यात लोह असेल तर ते हवा लागून तांबूस गाळ होतं आणि छिद्रं बुजवतं. आधी पाण्याला हवा देऊन वाळूच्या गाळणीतून काढा.

टीडीएस मीटरवर विश्वास ठेवण्याआधी यंत्र वीज न लावता चालवा, आकडा स्थिर होईपर्यंत. मगच १.२ व्होल्ट द्या. आकडा नव्या कोळशामुळे हलतोय की विजेमुळे, हे असंच कळतं. लिटमसही बुडवून पाहा, बाहेर पडणारं पाणी आम्लाकडे झुकलं असेल तर व्होल्ट जास्त आहे. आणि ही पद्धत जंतू मारत नाही, तेव्हा पाणी उकळून प्या.

तारा जोडल्यावर निघणारं खारट पाणी पोफळीच्या आळ्यात ओतू नका आणि विहिरीच्या काठावरही नको, तिथून ते परत झिरपतं. खाडीच्या भरतीत जाईल असा उतार शोधा.