मेरेरच्या खेपा

रात्रीचे साडेबारा होऊन गेलेत आणि खाली कैरोच्या तलात हर्ब रस्त्यावर हॉर्न अजून चालूच आहेत. नीलाताईला गाढ झोप लागलीय. मला लागत नाही, आणि कारण इतकं लहान आहे की तिला उठवून सांगण्यासारखंही नाही.

काल गिझाला मला काहीच वाटलं नाही. खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटर उंच, आता १३८च्या आसपास, सुमारे २३ लाख दगड, हे सगळं शाळेपासून डोक्यात बसलेलं. मान वर करून बघत राहिले. उंटवाल्यांना नको नको म्हटलं, फोटो काढले. ताईचे डोळे भरून आले होते. माझे कोरडे. एवढ्या वर्षांची इच्छा, आणि माझंच मन असं का थिजलंय, म्हणून मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. दवाखान्यातल्या त्या दिवसांपासून हे असंच आहे. असो.

आज तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात मात्र एका काचेपाशी मला रडू फुटलं. आत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तपकिरी तुकडे होते. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. खुफूच्याच राज्यातली, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. २०१३ साली पिएर ताले यांच्या गटाला ती तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फला सापडली. लिहिलेला पपायरस याहून जुना अजून मिळालेला नाही. मेरेरच्या हाताखाली चाळीसेक गडी. नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड नावेत भरायचा, नदीतून आणि कालव्यातून गिझाला पोचवायचा, रिकामी नाव घेऊन परत यायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. वर ओळीनं तारखा, प्रत्येक तारखेखाली दोन रकाने. आज दगड भरला. आज निघालो. रात्रीचा मुक्काम अमुक ठिकाणी. धान्याचा हिशेब वेगळा.

ते रकाने बघितले आणि बाबांच्या साइटवरच्या वह्या आठवल्या. तसेच उभे रकाने, तसंच तुटक लिहिणं, बांधकामाच्या दगडाचं आणि गड्यांचं. डबर ३ ब्रास. गडी १४. दुपारनंतर पाऊस, काम बंद. ही माझ्या जन्माच्या दिवसाची नोंद. बाबांचं तेरावं झाल्यावर दादानं माळ्यावरून ट्रंक काढली तेव्हा मी घाईघाईनं ती तारीख शोधली होती आणि वही मिटून ठेवली होती. वहिनी काहीतरी समजुतीचं बोलली. मला ते ऐकायचंच नव्हतं. दादाच्या जन्माच्या दिवशीही डबरच आहे, हे तो हसत सांगत होता. त्याला हसता येतं.

मग मेरेरसाठी रडू का आलं? परका माणूस, त्याच्या भाषेतलं एक अक्षर मला वाचता येत नाही. त्यालाही घरी कुणी असेल, आणि त्यांच्याबद्दल त्यानं एक शब्द लिहिलेला नाही. त्याच्यावर मला राग आला नाही. उलट किती नीट लिहिलंय, किती नेमानं, असं वाटून गळा दाटला. हेच बाबांच्या बाबतीत का वाटलं नाही, ते संध्याकाळपासून कुरतडतंय.

संग्रहालयातून टॅक्सीनं जुन्या कैरोतल्या अल-मुइझ रस्त्याला गेलो. ड्रायव्हरनं आम्ही भारतातल्या म्हटल्यावर लगेच अमिताभ बच्चनचं नाव घेतलं आणि ताई त्याच्याशी खुणांनी बोलत सुटली. मी बाहेर बघत होते. तुराचा तो पांढरा दगड पिरॅमिडच्या बाहेरच्या अस्तरासाठी होता. खुफूच्या पिरॅमिडवरचं अस्तर आता जवळजवळ गेलंय, पायथ्याशी थोडे दगड उरलेत. बाकीचे मध्ययुगात काढून नेले, कैरोच्या इमारतींना लावले. म्हणजे मेरेरच्या गड्यांनी वाहिलेलं ओझं काल मी जिथं मान वर करून बघत होते तिथं नव्हतंच फारसं. ते या शहरातच कुठंतरी भिंतींमधून असेल, कोशरीच्या गाड्यांमागं, सामानाच्या हातगाड्यांमागं, या सगळ्या कल्लोळात. हे लक्षात आलं आणि पहिल्यांदा या शहरात बरं वाटलं. रस्ता ओलांडायची भीतीसुद्धा गेली. ताईचा हात धरून सरळ चालत सुटले.

बाबांचा डबर कालव्याला लागला. त्या कालव्याचं पाणी आमच्या गावच्या उसाला अजून मिळतं. वहीतला तो दिवस मी फक्त माझं नाव शोधायला उघडला होता, त्यामुळं बाकीचं काही वाचलंच गेलं नाही. ते चौदा गडी पावसात कुठं थांबले असतील? काम बंद झाल्यावर बाबा कुठं गेले? दवाखाना साइटपासून लांब होता, आणि आई सांगायची की ते अंधार पडायच्या आत आले होते, चिखलानं भरलेले. हे आईचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, पण त्या नोंदीशेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. काम बंद होतं म्हणून ते येऊ शकले.

सकाळी दादाला फोन करून सांगायचंय, ट्रंक हलवू नकोस, मला सगळ्या वह्या हव्यात. पहिल्या पानापासून वाचीन, ब्रास आणि गडी आणि पाऊस सगळं.

तरी एक ओळ लिहायची होती, बाबा. मुलगी झाली, एवढीच.