काचेच्या कौलाखाली

बेळगावात पाहुणे आले की आपण त्यांना किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, दाखवतो. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची, दाखवायलाच हवी. रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घरही जपलं गेलंय, कारण १८९२ साली स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. पण ज्या घरात कुणी मोठा माणूस उतरला नाही, त्याचं काय? माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. मुहूर्त नसले की रविवारी सकाळी आम्ही काही जण गल्ल्या पालथ्या घालतो आणि पडायला आलेल्या अशा घरांचे फोटो काढतो.

बेळगावातल्याच शहापूर भागातलं एक विणकराचं घर पाडणार असं कळलं. शहापूर संस्थानी काळात सांगलीकरांचं. इथल्या साड्यांना गावाचंच नाव. घर बाहेरून अगदी साधं. मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे कट्टा. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या, दुसऱ्या दिवशी पाडकाम सुरू होणार होतं.

सोपा, म्हणजे घराची पुढची खोली, अंधारा होता. कॅमेऱ्याचं तोंड जरा वर केलं तरी खांब आत झुकलेले दिसतात, म्हणून ट्रायपॉड खाली घेऊन चौकट सरळ धरली. छपरात एकच काचेचं कौल होतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा फोटोत पांढराफटक येत होता, बाकी सगळं काळं. मी कमी-जास्त एक्स्पोजर देत बसलो. घरातल्या आजी दारातून बघत होत्या.

"उजेड तिथंच पडणार की," त्या म्हणाल्या. "तिथं माग होता."

मी खाली पाहिलं. तेवढ्याच जागेवरची शाहाबादी फरशी वेगळ्या रंगाची होती. आजींच्या नातवाने पहार आणली. फरशी उचलली, भुसभुशीत माती उपसली आणि मागाचा खड्डा उघडा पडला. मांडीपर्यंत खोल. विणकर बसायचा तिथला काठ घासून गुळगुळीत झालेला, बाकीचे तीन खरबरीत. आजींचे सासरे त्या काठावर बसून, पाय खाली पावड्यांवर, म्हणजे मागाच्या पायपट्ट्यांवर, ठेवून विणायचे. खड्ड्यातल्या ओलाव्याने ताण्याचे, म्हणजे उभे, धागे कमी तुटतात, आणि माग जमिनीत उतरल्यामुळे असल्या बुटक्या सोप्यातही मावतो. पुढे यंत्रमाग आले आणि सासऱ्यांनीच खड्डा बुजवला.

म्हणजे हे घर मागाभोवती बांधलेलं होतं. आडवा धागा नेणारा धोटा फेकणाऱ्या हातावर उजेड यावा म्हणून ते कौल तिथे होतं. रस्त्यावर उभं राहून दर्शनी भागाचे कितीही फोटो काढले असते, तरी यातलं काही कळलं नसतं. जुन्या घरांचे फोटो काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आत जा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोला.

मग दुपारपर्यंत आम्ही मापं घेतली. काठावर फूटपट्टी ठेवून खड्ड्याचे फोटो काढले. कौल आणि खड्डा एकाच चौकटीत यावेत म्हणून मी कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून बसलो, तेव्हा कुठे जमलं. टेपचं एक टोक आजींनी स्वतः धरलं होतं. दोन्ही भावांना फोटोंचे संच दिले.

वडगाव, खासबागेकडेही विणकरांची अशी घरं आहेत. आता कुठल्याही सोप्यात शिरलो की मी आधी काचेचं कौल शोधतो, मग त्याखालची फरशी बघतो. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर पाडायच्या आधी एक सकाळ आम्हाला द्या.