कनवटीचा माईक

पत्रिकेत सगळं नीट लिहिलं होतं. चर्चासत्र किती वाजता, नोंदणी कुठल्या मजल्यावर, जेवण कधी, गाडी कुठे लावायची. आणि अगदी तळाला, जिथे लग्नपत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असतं तिथे, एक ओळ : पोशाख – स्मार्ट कॅज्युअल.

"म्हणजे काय गं?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे मुद्दाम घातलेलं, पण मुद्दाम घातलंय असं न वाटणारं."

"आणि फॉर्मल?"

"मुद्दाम घातलंय हे सगळ्यांना कळणारं."

त्याने पुन्हा पेपर उघडला. तो सरकारी नोकरीत आहे आणि त्याचा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकलाय. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयातून परिपत्रक निघालं होतं : जीन्स-टीशर्ट नको, गडद रंगाचे चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, पायात स्लिपर नको, आणि आठवड्यातून निदान एकदा, शुक्रवारी, खादी. त्याने त्याच आठवड्यात खादीचे दोन शर्ट घेतले. आता शुक्रवारी त्याला डोकं चालवावं लागत नाही आणि बाकीचे चार दिवस त्याने आधीही कधी चालवलेलं नव्हतं. त्याच परिपत्रकात बायकांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, ट्राउझर-शर्ट अशी यादी होती आणि पुढे 'आवश्यकता असल्यास दुपट्टा'. आवश्यकता कुणी ठरवायची, ते माझ्या तरी वाचनात आलं नाही.

मी एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते. माझा विषय माती, त्यातही आपली काळी माती. पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की आकसते आणि वरच्या घराला तडे देते. पुण्यात एका हॉटेलात याच विषयावर दिवसभराचं चर्चासत्र होतं आणि मला वीस मिनिटं बोलायचं होतं. बोलायचं काय ते एका संध्याकाळी तयार झालं. घालायचं काय, याला चार संध्याकाळी लागल्या.

माझ्या कपाटातल्या साड्यांना नावं आहेत, पण दुकानात असतात ती नाहीत. एक 'परीक्षक' साडी आहे : करडी, बारीक काठाची, मुलं तोंडी परीक्षेला समोर आली की त्यांना घामच फुटावा अशी. एक 'कमिटी' आहे. मान्यतेची समिती तपासायला येते तेव्हा ती बाहेर निघते. एक 'निरोप समारंभ'. नारायणपेठ 'सत्कार' आहे, आणि ती नेसून मी आजवर फक्त दुसऱ्यांच्याच सत्काराला गेले. 'वीस मिनिटं बोलायचंय, समोर बांधकाम कंपन्यांचे लोक आहेत, आपण तालुक्याच्या गावाहून आलोय हे लपवायचंही नाही आणि मिरवायचंही नाही' या नावाची साडी नव्हती.

ही नावं ठेवायची सवय आईची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्याकडे एक फिकट मोतिया रंगाची, चॉकलेटी काठाची सुती साडी होती. घरात तिला 'साहेबांची साडी' म्हणत. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या रात्री तिला खळ दिली जायची. सकाळी घडी उलगडताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. तपासणी आहे हे आई वर्गात कधी सांगत नसे, पण ती फाटकातून आत शिरताच पोरं पटापट नखं कुरतडून टाकत, शर्टाला बटण नसेल तिथे टाचणी लावत आणि फळ्यावर सुविचार बदलत. एकदा रोजची साडी वाळली नव्हती म्हणून ती अशीच मोतिया नेसून गेली. त्या दिवशी वर्गात कमालीची शांतता होती, आणि दुपारपर्यंत साहेब आले नाहीत म्हणून मुख्याध्यापकच मोटारसायकलवरून चौकशी करायला तालुक्याला निघाले होते.

कामाच्या ठिकाणचा कपडा हा अर्धा निरोप असतो हे मी तिथे शिकले. त्यामुळे पत्रिकेतल्या त्या दोन शब्दांचा मला राग आला. साहेब येणार आहेत की नाही, ते धड सांगत नाहीत.

ट्राउझर-शर्टचाही विचार केला. मुलगी म्हणाली, "आई, घाल ना, छान दिसतं." दिसतं, मला माहीत आहे, साइटवर, पायात बूट आणि डोक्यावर हेल्मेट असताना मी तेच घालते आणि तिथे मला त्याची शुद्धही नसते. पण व्यासपीठावर चढताना माझ्या हाताला निऱ्या सावरायची सवय आहे. निऱ्या नसल्या की तो हात रिकामा पडतो आणि मग तो काय करील याचा भरवसा नाही.

अशा वेळी मला हटकून तो फोटो आठवतो. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी : साडीत आनंदीबाई जोशी, किमोनोत जपानच्या केई ओकामी, आणि आपल्या देशी वेषात सीरियाच्या सबात इस्लांबूली. त्या फोटोवर आजवर अभिमानाचे पुष्कळ लेख झाले, त्यात माझी भर नको. मला पडणारे प्रश्न गृहिणीचे आहेत. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडीवरून काय घेत असतील? शवविच्छेदनाच्या वेळी पदर कुठे खोचत असतील? आणि त्या काळच्या डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातून जी घड्याळं, नळ्या, पेन्सिली निघत, त्या आनंदीबाई कशात ठेवत असतील?

शेवटी मी माहेश्वरी काढली. निळसर राखाडी, अंगाला हलकी, सुरकुतली तरी हट्टाने नाही. ब्लाउज दोन वर्षांपूर्वीचा होता. फुगणं आणि आकसणं हा माझा अभ्यासाचाच विषय असल्यामुळे काय झालंय ते मला लगेच समजलं, फक्त इथे फुगलेली वस्तू कापड नव्हती. आतल्या शिलाईचे दोन्हीकडचे दाब उसवले आणि भागलं. आपल्याकडचे टेलर आत ते जे कापड सोडतात ना, त्याला दूरदृष्टी म्हणतात.

हॉटेलात पोचले तर पुरुषांपैकी निम्मे लग्नातल्या सुटात होते. स्मार्ट कॅज्युअलचा त्यांनी आपापल्या परीने लावलेला अर्थ असा की कोट घालायचा आणि बटण लावायचं नाही. तसंही बऱ्याच जणांचं ते लागलं नसतं. बांधकाम कंपन्यांची तरुण मुलं मात्र पांढरे बूट आणि कॉलरवाले टीशर्ट घालून आली होती आणि त्या सगळ्या घोळक्यात तेच काय ते मालक वाटत होते.

आणि थंडी! बाहेर एप्रिल, आत महाबळेश्वर. यामागेही एक गोष्ट आहे. इमारतींतल्या तापमानाचे जे ठोकताळे आहेत, त्यांतला शरीराच्या उष्णतेचा आकडा १९६० च्या दशकातला, आणि तो धरलाय साधारण ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा. २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये हे मोजून दाखवलं : बायकांच्या शरीरात तेवढी उष्णता तयारच होत नाही. त्यात त्या पुरुषाच्या अंगावर कोट. म्हणजे कोटाला उकडू नये म्हणून एसी, आणि एसीत गारठू नये म्हणून बाकीच्यांनाही कोट. जपानने २००५ मध्ये ही गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. उन्हाळ्यात कचेऱ्यांतला एसी २८ अंशांवर ठेवा आणि टाय-कोट घरी ठेवा, असं सरकारनेच सांगितलं. आपल्याकडे याला देशी उपाय आहे. उद्घाटन झालं आणि वक्त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. एरवी ती शाल खांद्यावरून काढून घडी घालून पिशवीत जाते. त्या दिवशी आम्ही तिघीही बायका ती गुंडाळून बसलो आणि दुपारपर्यंत सोडली नाही. सत्काराच्या शालीचा सत्कारमूर्तीला खरोखर उपयोग झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माझा नंबर चहानंतर होता. ध्वनियंत्रणेचा मुलगा आला, विशीतला, कानात तार, हातात कॉलर माईक. माईक म्हणजे हरभऱ्याएवढा, पण त्याची वायर जाते एका डबीत. ती डबी काड्यापेटीपेक्षा मोठी, चांगली जड, आणि तिच्या पाठीला चिमटा.

"मॅडम, कॉलर?"

"नाही."

"बेल्ट?"

"नाही."

"मग मागचा खिसा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने साडीकडे पाहिलं आणि बिचारा लाजला. माझ्या आधीच्या वक्त्याला त्याने दहा सेकंदांत सजवलं होतं : डबी पट्ट्याला, वायर कोटाच्या आतून, माईक कॉलरला. माझ्या बाबतीत आम्ही दोघांनी एकेक वाट चाचपली. पदराला लावला तर पदर डबीच्या वजनाने घसरतो. शिवाय माईकवर पदर घासला की सभागृहात वळिवाचा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. डबी हातात धरावी तर दुसऱ्या हातात स्लाइड बदलायचं बटण, मग मातीचे थर दाखवायचे कशाने? ओळखपत्राच्या दोरीला लटकवून पाहिली, ती फिरून पाठीवर गेली. ओळखपत्राची तीच खोड. नाव वाचायला माणूस जवळ येतो तेव्हा त्याला कोरी बाजू दिसते.

"चला माझ्याबरोबर," मागून कुणीतरी म्हणालं. तिघींपैकी थोरल्या होत्या त्या, करड्या केसांच्या, पँट-कोटातल्या. त्यांनी मुलाच्या हातून डबी घेतली आणि मला प्रसाधनगृहात नेलं.

"परकराची नाडी घट्ट आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

त्यांनी कमरेपाशी, डाव्या बाजूला, डबी नाडीत अडकवली, वर साडीचा एक वळसा खोचला, आपल्या पर्समधली सेफ्टी पिन मारली, वायर ब्लाउजच्या आतून वर काढली आणि माईक पदराच्या उलट्या बाजूला गळ्यापाशी बसवला. दोन मिनिटं लागली. हात मागे घेऊन त्यांनी एकदा नीट पाहिलं, पाहुण्यांना नवरी दाखवायला बाहेर नेण्याआधी पाहतात तसं.

"तुम्ही पण साडी नेसायचात का आधी?" मी विचारलं.

"पंचवीस वर्षं. लोकांना वाटतं मला कोट आवडतो. अहो, मला खिसा आवडतो."

पायऱ्या चढताना डबी कमरेला टोचत होती आणि मला एकदम आजी आठवली. आजी नऊवारी नेसायची. बाजारातून येताना तिच्या ओच्यात पेरू असत, कनवटीला पैसे असत, कमरेला चंची असे आणि दोन्ही हात मोकळे. कनवटीला लावणं म्हणजे पैसे राखून ठेवणं, हा शब्द भाषेत आला तो त्या लुगड्यातून आणि धोतरातून. सहावारी आली, नेसणं सुटसुटीत झालं म्हणतात; पण ओचा गेला आणि कनवट गेली. तेव्हापासून आम्ही पर्स सांभाळतोय. पुरुषांच्या धोतराचीही कनवट गेली, पण त्यांना बदल्यात पँटचे चार आणि कोटाचे तीन-चार खिसे मिळाले. आम्हाला काय मिळालं? फॉल-पिको.

वीस मिनिटं बरी गेली. काळ्या मातीत पाया घालताना खालची माती काढून मुरूम भरतात ते मी दोन्ही हातांनी दाखवलं. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या बूटवाल्याने प्रश्न विचारला, तो चांगला होता. माझ्या साडीकडे कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. चार संध्याकाळींचा हिशोब केला तर थोडं वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात गावच्या टेलरकडे गेले. गेली अठरा वर्षं तोच माझे ब्लाउज शिवतो.

"काका, एक परकर शिवायचाय. डाव्या बाजूला आतून खिसा हवा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. असले खिशाचे परकर त्यांनी पुष्कळ शिवलेत, पण ते चारधामला निघालेल्या आज्यांसाठी.

"यात्रेला निघालात काय ताई?"

"नाही हो. भाषणं असतात अधूनमधून."

ते काही बोलले नाहीत. खिशाचं माप मला विचारलं, मी बोटांनी दाखवलं. त्यांनी टेप लावून बोटांमधलं अंतर मोजलं. मग कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत लिहिलं : परकर १, खिसा डावा, खोल, भाषणाचा.