काळ्या मैनेची बिअर

फळातलं गोड काढून घेतलं तर मागं काय राहतं, हा प्रश्न कोल्हापुरात कुणाला पडायचं कारण नाही. गुऱ्हाळांचा मुलूख आमचा, आमरसातसुद्धा चमचाभर साखर घालणारी माणसं आम्ही. मला तो पडला भाच्यामुळं. पोरगा म्युनिकला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात गव्हाची बिअर शिजवतो. थोडीच, पाचेक लिटर. तिथं घरापुरती करायला मुभा आहे, फक्त विकायची नाही. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय असलं काही करता येत नाही, त्यामुळं आमचा सहभाग फळापुरता आणि फुकटच्या सल्ल्यापुरता.

"मावशी, फळ कुठलं घालू?" असं त्यानं विचारल्यावर मी अर्थातच हापूस म्हणाले.

"वाया जाईल गं. यीस्ट साखर खातं."

गरातली सगळी साखर ते फस्त करतं, तिचं मद्य आणि वायू करून टाकतं. राहतो तो आंबटपणा, तुरटपणा आणि वास. हापूसचं निम्मं मोठेपण गोडीत. ती काढली की राजेसाहेब एकदम साधे गृहस्थ होतात. मग फळ असं हवं, की ज्याला गोडीशिवायही स्वतःचं काहीतरी म्हणणं आहे. मी म्हटलं, करवंद.

मे महिन्यात पन्हाळ्याकडच्या बायका बुट्ट्या घेऊन बाजारात बसतात, "डोंगरची काळी मैना" म्हणून हाळी देतात. करवंद कसं खायचं हे सांगायला नको. अर्धं तोडायचं, आतला रंग समोरच्याला दाखवायचा आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी? लालभडक निघालं तर कोंबडा. ओठांना चीक चिकटतो, बिया दातात अडकतात, आणि शेवटचं करवंद हमखास असं आंबट निघतं की डोळा मिटतो. तो डोळा मिटवणारा आंबटपणाच भाच्याला पाहिजे होता.

ताजी फळं युरोपात कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत. म्हणून तो सुट्टीला आला तेव्हा करवंदं शिजवून, चाळणीवर घासून बिया काढल्या आणि गर आटवून बरणीत भरला. अक्कानं, म्हणजे त्याच्या आईनं, सवयीनं गुळाचा खडा हातात घेतलाच होता.

"आई, गूळ नको! गोड काही राहणार नाही, नुसती दारू वाढेल."

हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "म्हणजे तुम्ही दोघी हातभट्टीला माल पुरवताय."

पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. गव्हाला मोड आणून वाळवायचं, भरडायचं आणि पासष्टेक अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. मोड येताना दाण्यात जे तयार होतं, तेच पिठाची साखर करतं. अक्का म्हणाली, "नाचणीला आपण मोड आणतो तसंच की." मात्र नुसता गहू घेतला तर गाळताना पंचाईत होते. गव्हाला टरफल नाही, सगळा लगदा बसतो. म्हणून निम्मं जव घालायचं. जवाची टरफलंच गाळणीचं काम करतात. हे अक्काला समजावून सांगावं लागलं नाही. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढण्यात तिचे उन्हाळे गेलेत. गहू हाताला किती चिकटतो हे तिला जर्मनांनी सांगायची गरज नाही.

मग बिअरला कडवटपणा देणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून तासभर उकळी, वीस अंशांपर्यंत गार करणं, आणि यीस्ट. मला खरी गंमत इथं वाटली. बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिकच्या मुलखातल्या, गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तिच्यात केळंही नसतं, लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टचेच. असं असताना वर आणखी फळ घालायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. शिवाय तिथल्या १५१६च्या फर्मानात बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं लिहिलेलं. गहूसुद्धा बसत नव्हता त्यात. पुढं गव्हाची बिअर करायचा हक्क राजघराण्यानं आपल्याकडंच ठेवला. फर्मानं कशी चालतात ते जगात सगळीकडं सारखंच.

गर घालायचा तो पहिला फेस बसल्यावर. आधी घातला तर उसळणाऱ्या वायूबरोबर वास उडून जातो. बाटलीत भरताना लिटरमागं सहा-सात ग्रॅम साखर, बुडबुड्यांपुरती. आधीची साखर खाऊन संपायच्या आत घाईनं बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. बाकी काम म्हणजे धुणं. पातेलं, नळी, बाटल्या, झाकणं, सगळं निर्जंतुक. हौसेत धुण्याचा भाग इतका असतो हे आधी कळलं असतं तर आमच्या ह्यांनीही नावं ठेवली नसती, उलट कौतुक केलं असतं.

झाली एकदाची. रंग गुलाबीसर, गढूळ. गव्हाची बिअर तशीही गढूळच असते. भाच्याच्या म्हणण्यानुसार आधी आंबट, मग तुरट, आणि घोट गिळल्यावर मागून करवंद. त्याच्या मित्रांना त्यानं कोंबडा-कोंबडीही शिकवलं म्हणे, करवंदाशिवाय कसं काय शिकवलं देव जाणे.

मी आपलं सुचवलं, "चिमूटभर मीठ पाहिजे होतं रे. करवंदं आपण मीठ लावून खातो."

तो हसेल असं वाटलं होतं. पण म्हणाला, "लाइपझिगकडं करतात तशी. गोजे म्हणतात, गव्हाचीच असते. मीठ आणि धणे घालतात."

अक्का पलीकडं कान देऊन ऐकतच होती. "धणे घालतात?" म्हणाली. "मग तिखटानं काय घोडं मारलंय?"