आतल्या रेघा

त्या दिवशी माझ्यापुढे उत्खननात निघालेल्या, धुऊन वाळवलेल्या खापरांचा ट्रे होता. अथेन्सच्या पूर्वेला इमितोस पर्वत आहे, इंग्रजी पुस्तकांत त्याला हायमेटस म्हणतात. त्याच्या पायथ्याशीच आमची कामाची खोली. मी खापरांचे दोन ढीग केले होते. कंगवा ओढल्यासारख्या रेघा असलेली एकीकडे, गुळगुळीत दुसरीकडे. वहीत लिहूनही टाकलं होतं : ‘रेघांची नक्षी’.

आमच्या प्रमुख बाईंनी एक खापर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. “बाहेरची बाजू कुठली, सांग.”

खापराचा बाक पाहिला आणि चपापले. रेघा आतून होत्या. कुणाला दिसणारच नाही अशी नक्षी कोण काढेल?

“माश्यांसाठी,” त्या म्हणाल्या. हे भांडं म्हणजे मधमाश्यांचं घर, आडवं ठेवायचं लांब मडकं. भाजलेल्या गुळगुळीत मातीवर पोळ्याचं मेण नीट धरत नाही, म्हणून कुंभार ओल्या मातीतच रेघा ओढायचा. पर्वताच्या दक्षिण टोकाला, वारी इथे, 1966 मध्ये इ.स.पू. 4थ्या शतकाच्या अखेरचं एक शेतघर उकरलं गेलं. तिथेही अशीच भांडी निघाली.

संध्याकाळी मला खोलीत बसवेना. कैसारियानी मठाकडून वर चढले. पायाखालचा थाइम चुरडला की थेट ओव्याचा वास येतो. इथल्या मधाची कीर्ती या झुडपांवर. दगड निळसर करडा. अथेन्सच्या पार्थेनन मंदिराचा पांढरा संगमरवर पेंतेली पर्वतावरचा. हा करडा इमितोसचा. याच दगडाचे सहा खांब लुसियस क्रासस या रोमन वक्त्याने घरात बसवले, तर लोकांनी त्याला उधळ्या ठरवलं. मला तो दगड फार आवडतो. पावसाआधीच्या ढगाचा रंग आहे त्याला.

तिथूनच आबांना फोन लावला. महाबळेश्वरच्या बाजूला आमच्या गावी ते सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतात. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “रेघा सगळीकडं हायती, का नुसत्या वर? पोळं वरनं लोंबतं गं. खाली रेघा कशाला ओढंल कुणी?”

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि दोन्ही ढीग एकत्र केले. तासाभराने गुळगुळीत ढिगातलं एक खापर रेघांच्या खापराला बरोबर जुळलं. कंगव्याची शेवटची रेघ सांध्याच्या बोटभर अलीकडे थांबली होती.