दुसरा गिअर अखेर टिकला: लिंकेजची नवी रचना आणि बदललेला बेत

माझ्या गाडीत मारुती ८००चे इंजिन सीटांमागे आहे, आणि जोर दिला की तिचा दुसरा गिअर आपोआप सुटत असे. मागील नोंद या अडचणीपाशी थांबली होती; लिंकेजची, म्हणजे लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या रॉड-सांध्यांची, रचना बदलून ती सुटली आहे. शेतातल्या चढावर पूर्ण थ्रॉटल देऊनही दुसरा गिअर आता सुटत नाही. ज्या ज्या मेकॅनिकला लक्षण सांगितले, त्याने गिअरबॉक्स खोलण्याचाच सल्ला दिला होता. बॉक्सचा एकही नट न काढता दोष सापडला याचा मला विशेष आनंद आहे. मारुती ८००चा इंजिन-गिअरबॉक्स संच सीटांमागे बसवणाऱ्या प्रत्येकाची या दोषाशी गाठ पडू शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मूळ गाडीत होता त्याच दिशेने संच बसवल्यामुळे गिअर निवडणारा सिलेक्टर रॉड बॉक्समधून मागे, म्हणजे चालकापासून दूर निघतो, आणि लिव्हरकडून येणारा लांब रॉड संचाखालून मागे नेऊन त्याला जोडावा लागतो. हा एकच रॉड मागे-पुढे सरकून गिअर टाकतो आणि स्वतःभोवती फिरून पहिला-दुसरा की तिसरा-चौथा हे ठरवतो. मागच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही रॉड गनमेटलच्या बुशात मोकळे फिरतात, पण कॉलरमुळे सरकताना एकत्रच सरकतात. फिरण्याची हालचाल समान लांबीच्या दोन आर्म आणि त्यांना जोडणारी आखूड लिंक यांतून पोहोचते. यात कोणतीच दिशा उलटत नाही, त्यामुळे लिव्हरवर पहिला गिअर पुढेच राहतो. याच दिशेने संच ठेवून मध्ये रॉकर (मध्यावर टेकून डोलणारा आर्म) घालणाऱ्यांचा पहिला गिअर मागे जातो, कारण रॉकर सरकण्याची दिशा उलटवतो आणि येथे ती उलटवण्याची गरजच नसते.

आता मूळ दोषाकडे वळतो. दुसरा आणि चौथा गिअर जोर दिल्यावर सुटत, तर पहिला आणि तिसरा थ्रॉटल सोडल्यावर सुटत. गिअरांचा वेग जुळवणारा सिंक्रो झिजणे किंवा बॉक्समध्ये गिअर जागी धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग मऊ पडणे असे नेमके विभाजन करील, हे मला पटत नव्हते. चाकांना ओंडके लावून, हँडब्रेक ओढून, दुसरा गिअर टाकून क्लच हळूच सोडला आणि सिलेक्टर रॉडच्या टोकापाशी बारीक सरकणे मोजणारा डायल गेज लावून पाहिले, तेव्हा संच आधाराच्या रबर माउंटिंगवर झुकताच बॉक्सचा खालचा भाग ६ मिलिमीटर पुढे सरकला. लिव्हरची बैठक चॅसिसला पक्की असल्याने रॉड मात्र जागेवरच राहिला, म्हणजे बॉक्सच्या हिशेबाने तो तेवढाच बाहेर ओढला गेला. दुसरा आणि चौथा गिअर रॉड आत ढकलून पडतात, तर पहिला आणि तिसरा बाहेर ओढून. थ्रॉटल सोडल्यावर संच उलट झुकतो आणि मग या दोघांची पाळी येते. गिअर काढणारा हात इंजिनचाच होता.

सर्वांत सोपा उपाय म्हणून आधी कडक पॉलियुरेथेनची माउंटिंग लावून पाहिली. सरकणे कमी झाले, पण संपले नाही, आणि आयडलवर संपूर्ण फ्रेम थरथरू लागली. तीन सिलिंडरांच्या इंजिनात वर-खाली जाणारी बले एकमेकांना तोलतात, तरी इंजिनाला टोकाटोकाने झुलवणारे बलयुग्म शिल्लक राहते आणि ते गिळण्यासाठी मऊ रबरच हवे. ती माउंटिंग मी काढून ठेवली आहेत आणि इतरांनीही त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर मूळ गाडीच्याच लिंकेजमध्ये होते. तेथे सिलेक्टर रॉडच्या सोबत एक एक्स्टेंशन रॉड असतो, जो लिव्हरची बैठक गिअरबॉक्सला बांधून ठेवतो. बॉक्स सरकला की बैठकही त्याच्याबरोबर सरकते आणि दोघांमधले अंतर कायम राहते. त्या धर्तीवर मी २५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा सीमलेस पाईप बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) बोल्टांवरील ब्रॅकेटपासून पुढे आणला, बैठक त्याच्या टोकाला बसवली आणि चॅसिसशी तिचा संबंध फक्त दोन रबर बुशांपुरता ठेवला. सीटखाली या पाईपला एक वळण द्यावेच लागले, आणि वाकवलेल्या जागी पाईप ओढ बसताच किंचित सरळ होऊ पाहतो, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूस ४ मिलिमीटर पत्र्याची तिरपी पट्टी वेल्ड केली. हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ज्या वेल्डरकडे केले, त्याने थोडे-थोडे टाके आलटून-पालटून मारत पाईप उष्णतेने जराही वाकडा होऊ दिला नाही. आता थ्रॉटल दिला की लिव्हरची मूठ डोळ्यांना दिसेल इतकी हलते, परंतु गिअर जागचा हलत नाही.

उरलेली ढिलाई सांध्यांची आहे. लिव्हर पिव्हटच्या (टेकूच्या) वर २४० आणि खाली ६० मिलिमीटर असल्याने खालची १ मिलिमीटर ढिलाई मुठीत ४ मिलिमीटर होऊन येते. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेले स्वस्त रॉड एंड (टोकाचे गोल सांधे) नवे असतानाच खडखडत होते. त्यांच्या जागी टेफ्लॉनचे अस्तर असलेले लावले, त्यांची किंमत बरीच जास्त आहे आणि ती पूर्णपणे वसूल होते. लिंकला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे पाडून घेतल्यामुळे न्यूट्रल जुळवताना काहीच सोडवावे लागत नाही, चेक-नट सैल करून मधला भाग फिरवला की पुरते.

पुढील काम म्हणून त्या दोन आर्मचे बुश बदलायचे ठरवले होते. पण हे लिहिताना लक्षात येते की फिरण्याच्या हालचालीसाठी आर्म, लिंक आणि त्यांचे सांधे ठेवण्याचे आता कारण उरलेले नाही. नव्या गाड्यांच्या लिंकेजमध्ये असतात तशा पुश-पुल (ढकलता-ओढता येणाऱ्या) केबलांपैकी एकच वापरली, तिच्या बाहेरच्या आवरणाचे एक टोक बॉक्सवरील ब्रॅकेटला आणि दुसरे लिव्हरच्या बैठकीला बांधले, तर संच कितीही झुकला तरी आतली तार आवरणाच्या हिशेबाने हलणार नाही, आणि ढिलाईची ठिकाणेही निम्मी होतील. गिअर टाकण्याचा जोर रॉडनेच घेतलेला बरा, कारण तेथे हाताला घट्टपणा जाणवायला हवा. गिअरांची जोडी निवडण्यास फारसा जोर लागत नाही, म्हणून तेवढे केबलला सोपवता येईल. केबलची वळणे मोठी ठेवावी लागतील आणि सायलेन्सरच्या पाईपपासून ती दूर न्यावी लागेल, त्यासाठी डाव्या बाजूने पेट्रोलच्या टाकीखालून वाट दिसते आहे. बुशांची ऑर्डर थांबवली आहे. आधी साधी दोरी त्या वाटेने ओवून केबलची लांबी मोजतो.